माझ्या पुढचे सहा जण

काकूंनी कुणाला कधी "ऑल द बेस्ट" म्हटल्याचं मला आठवत नाही. बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलनीतली मुलं मार्कशीट घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची. काकू आतून, गजांच्या पलीकडून, चष्मा नाकावर ओढून एकेकाचं भविष्य सांगायच्या. भविष्य म्हणजे तुला अमुक कॉलेजात अॅडमिशन मिळणार की नाही, एवढंच. त्यात ग्रहतारे नसायचे आणि धीर देणं तर नसायचंच. सांगून झालं की म्हणायच्या, "नेक्स्ट."

काकू आमच्या घरमालकीण. ग्वाल्हेरला सिटी सेंटरच्या मागच्या कॉलनीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या राहायच्या आणि वर आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर तेहतीस वर्षं बसून त्या निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे रेल्वेने त्यांना निवृत्त केलं होतं, त्यांनी खिडकी सोडली नव्हती. दूधवाला, भाजीवाली, मीटर वाचायला येणारा, सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशीच यायचं. कुणी दाराची बेल वाजवली तर आतून आवाज येई, "उधर से आइए, काउंटर उधर है."

साडेबारा ते एक काउंटर बंद असे. एकदा भर मे महिन्यात आमच्या वरच्या टाकीतलं पाणी संपलं. मोटर सुरू करायचं बटण खाली काकूंकडे. बाबा धावत गेले तेव्हा बारा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. बंद झडपेमागून आवाज आला, "लंच."

"काकू, मी आहे, वरचा. टाकी खाली झाली."

"एक वाजता या."

बाबांच्या डोक्याला साबण लागलेला होता. ते तसेच अर्धा तास जिन्यात बसून राहिले आणि एक वाजता पहिला नंबर त्यांचाच लागला.

कॉलनीतली मुलं त्यांना चोरून "पूछताछवाली आंटी" म्हणायची. काकूंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या खवळल्या, पण भलत्याच कारणाने. "पूछताछची खिडकी वेगळी! तिथे बसणाऱ्याला बसून फक्त बोलायचं असतं. आरक्षणात हिशेबाने चालावं लागतं. मला पूछताछ म्हणतात, हद्द झाली!"

त्यांची स्मरणशक्ती भयंकर होती. आरक्षणाच्या फॉर्मवर नाव, वय, पत्ता असतो, आणि तेहतीस वर्षांचे फॉर्म त्यांच्या डोक्यात तसेच पडून होते. कॉलनीतल्या बायका त्यांच्यासमोर वयाचा विषय काढत नसत. एका लग्नात एक बाई कुणाला तरी "मैं तो अभी पचास की भी नहीं हुई" म्हणाल्या. काकू जिलबी खाता खाता म्हणाल्या, "पिछली बार हरिद्वार गई थीं तब तो बावन की थीं." त्या बाईंनी पुढे काकूंना घरच्या कुठल्याही कार्याचं आमंत्रण दिलं नाही.

अॅडमिशनचे अंदाज सांगायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या कॉलेजात काय शिकवतात, याची त्यांना फारशी माहितीही नव्हती. जुन्या कॅलेंडरांची पानं कापून, मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी हाताने फॉर्म आखून ठेवले होते. नाव, वय, मार्क, कुठे जायचं आहे, आणि शेवटचा रकाना, "तिथे नाही मिळालं तर कुठे चालेल?" बहुतेक मुलं शेवटचा रकाना कोरा सोडायची. काकू फॉर्म परत करायच्या.

"लोअर नाही मिळाली तर अप्पर चालेल काय, एवढं घरून ठरवून यायचं. माझ्या खिडकीवर उभं राहून सोचायचं नाही. मागे लाइन आहे."

मागे लाइन नसली तरी असंच म्हणायच्या.

एकदा चौर्‍याण्णव टक्क्यांचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील मिशीला पीळ देत म्हणाले, "हमारा तो हो ही जाएगा ना, बहनजी?"

काकूंनी फॉर्म वाचला. "बेटा, तुम्हारे नंबर बहुत अच्छे हैं," त्या म्हणाल्या. "तुम्हारे आगेवालों के और अच्छे हैं. नेक्स्ट."

त्याचं झालं नाही. त्याच्या आईने पुढची दोन वर्षं काकूंना कैरीचं लोणचं पाठवलं नाही, जणू कॉलेजची यादी काकूंनीच लावली होती.

मी एकदा विचारलं होतं, "काकू, तुम्हाला कळतं कसं?"

"मार्क काय बघतेस? मार्क तर सगळ्यांकडे असतात. पुढे कोण उभं आहे आणि त्यातलं कोण घरी चाललं जाणार, ते बघ. तेहतीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकले. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला जायचंच असतं, असं नाही."

मग माझी बारावी आली.

मी शाळेच्या हॉकी संघात होते. अकरावीत खेळताना गुडघा असा काही पिळवटला की तीन महिने काठी घेऊन चालले. कंपू भागातल्या एका दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट ताई होत्या. रोज संध्याकाळी त्यांनी माझा पाय पुन्हा माझ्या ताब्यात दिला, थोडा थोडा करून. त्याच वेळी मी ठरवलं की आपण हेच करायचं. फॉर्म भरला, परीक्षा दिली, आणि कॉलेजच्या फाटकावर यादी लागली तेव्हा माझं नाव वेटिंगमध्ये होतं. सातवं.

बाबा वीज खात्यात होते, शांत माणूस. म्हणाले, "बी.कॉम.ला झालंच आहे ना तुझं. शनिवारी शेवटची तारीख आहे. असली टी.सी. तिथे जमा करून टाकू."

घोळ त्या टी.सी.चाच होता. शाळा सोडल्याचा असली दाखला एकच असतो. शनिवारी तो बी.कॉम.ला दिला तर सोमवारी फिजिओथेरपीच्या वेटिंगला काय दाखवणार? आणि सोमवारसाठी घरात ठेवला तर बी.कॉम.ची जागा गेली. मी कॅलेंडरच्या पानावर सगळे रकाने भरले आणि काकूंच्या खिडकीशी गेले. माझ्या आधी धोबी होता. त्याचं झाल्यावर मी फॉर्म सरकवला.

काकूंनी तो दोनदा वाचला. मग कॉलेजच्या ऑफिसात फोन लावला आणि तिथल्या बाबूशी अशा आवाजात बोलल्या की तो बिचारा उभाच राहिला असणार. फोन ठेवून म्हणाल्या, "दोन सीट खाली आहेत. सोमवारी अकरा वाजता नंबराने पुकारणार. जो हजर नाही तो गेला. तुझ्या पुढे सहा जण."

"मग? चान्स किती?"

"असं हवेत सांगता येत नाही. चार्ट बनवावा लागेल." त्यांनी खिडकीची झडप ओढली. मला वाटलं लंच झालं. पण दोन मिनिटांनी त्या चक्क पुढच्या दाराने बाहेर आल्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात फाइल, खांद्याला पाण्याची बाटली. "स्कूटी काढ. यादीत बापांची नावं आहेत ना? वाच."

मी मोबाइलवर काढलेला यादीचा फोटो वाचू लागले. पहिलं नाव ऐकताच त्यांनी डोळे मिटले. "दर दिवाळीला जबलपूर. दोन लोअर, एक मिडल. थाटीपूर, शाळेच्या मागची गल्ली." सहापैकी चार पत्ते असे डोळे मिटून निघाले. उरलेले दोन आम्ही विचारत विचारत शोधणार होतो.

तो गुरुवार होता. जुलै लागला तरी ग्वाल्हेर भट्टीसारखं तापलेलं. मी स्कूटी चालवत होते आणि काकू मागे एका बाजूला पाय सोडून, फाइल छातीशी धरून, प्रत्येक चौकात मला सांगत होत्या की मी चुकीच्या लाइनीत आहे.

पहिल्या नंबराच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा पेढे वाटणं चालू होतं. मुलाला इंदूरला डेंटल मिळालं होतं. त्याच्या आईने आम्ही कोण हे न विचारता दोघींच्या तोंडात पेढे कोंबले. काकू भरल्या तोंडाने म्हणाल्या, "बधाई हो. हाथ से लिख दीजिए कि लड़का सोमवार को नहीं आएगा."

"आप कॉलेज से आई हैं?"

"मैं खिड़की से आई हूँ."

त्या बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी लिहून दिलं. काकूंनी लाल पेनाने एक नाव कापलं. मला इतकं हसू आलं की स्कूटी सुरू करताना किल्ली उलटी घातली.

दोन आणि तीन नंबरला जुळी भावंडं होती, हजिरा भागात. तिथे नुसतं महाभारत चाललं होतं. भाऊ म्हणे, "दोनों साथ जाएँगे." बहीण म्हणे, "मैं इसके साथ कहीं नहीं जाऊँगी, बारह साल एक बेंच पर बैठी हूँ." वडील म्हणे, "मेरा तबादला भोपाल हो गया है, मेरी कोई सुनेगा?" काकूंनी बाह्या सारल्या आणि त्या तिघांना सोफ्यावर ओळीने बसवून एकेकाला बोलायला लावलं. वीस मिनिटांनी निघालं असं, की सगळं घर पुढच्या आठवड्यात भोपाळला जाणार आणि मुलांची नावं तिथे आधीच लागली आहेत. भांडण फक्त सवयीने चाललं होतं. दोन नावं कापली गेली.

चौथा मुलगा महाराज बाड्यावर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानात सापडला. त्याचा फॉर्म त्याच्या मामाने भरला होता.

"फिजियो?" तो घाबरून म्हणाला. "आंटी, मुझे तो फिजिक्स से ही डर लगता है."

"फिजिक्स नहीं, फिजियो. हाथ-पाँव की कसरत."

"वो तो मैं जिम में कर लेता हूँ."

काकूंनी त्याच्याकडूनही लिहून घेतलं. तोंडी कॅन्सल त्यांना मान्य नव्हतं. त्याने माझ्या मोबाइलला एक चमकीचं कव्हर फुकट बसवून दिलं, कॉलेजवाल्यांशी संबंध चांगले असावेत म्हणून.

पाचव्याच्या घराचं दार त्यानेच उघडलं आणि काकूंनी पेन खिशातून काढलंसुद्धा नाही. त्याने पांढरा अॅप्रन घातला होता. वेटिंग पाचवर असताना शिवून घेतला होता. घरात सवय व्हावी म्हणून रोज दोन तास घालतो, म्हणाला. पाणी द्यायला त्याची आजी आली, ती त्याला "डॉक्टर साहब" म्हणत होती.

"हा पक्का," काकू जिन्यात म्हणाल्या. "दोनपैकी एक सीट याची. आता राहिला सहावा. तो उतरला की तू कन्फर्म."

त्या रात्री जेवताना मी बाबांना सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. बाबांना अॅप्रनवाल्याचं हसू आवरेना. मी तर मनातल्या मनात कॉलेजला जायचा रस्ताही ठरवून ठेवला.

सहावा म्हणजे एक मुलगी होती, रजनी. शुक्रवारी सकाळी कंपूच्या एका गल्लीत आम्ही तिचं घर शोधलं. पुढे वडिलांचं कूलर दुरुस्तीचं दुकान आणि मागे दोन खोल्या. वडील कूलरच्या टपात हात घालून बसले होते. आम्हाला बघून उठले, ते भिंतीला हात टेकून, आधी एक पाय, मग कण्हत दुसरा. काकूंनी कॉलेजचं नाव काढलं तसे ते म्हणाले, "नहीं भेज रहे. फॉर्म इसने भर दिया था, हमें बाद में बताया."

काकूंनी फाइल उघडली. पेनाचं टोपण काढलं. एक लाल रेघ मारायची की माझं झालं.

"क्यों नहीं भेज रहे?" काकूंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आधीच्या एकाही घरी विचारला नव्हता.

"बहनजी, लड़की पराये मर्दों के घुटने पकड़ेगी? मोहल्ला क्या कहेगा?"

रजनी पाणी घेऊन आली. माझ्याच वयाची, किडकिडीत, मान खाली. तिच्यामागे खोलीच्या भिंतीवर मला एक चित्र दिसलं. वहीची पानं जोडून पेन्सिलीने काढलेला माणसाचा अख्खा सांगाडा, प्रत्येक हाडाशेजारी बारीक अक्षरात नाव. काकूंनीही तो पाहिला. पेन अजून उघडंच होतं.

"आपका घुटना कब से दुख रहा है?" काकू म्हणाल्या.

"मेरा? वो तो ऐसे ही... दो साल से."

"बैठिए. पाँव लंबा कीजिए." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "तुला ती टॉवेलची कसरत येते ना? दाखव यांना."

मला वाटलं, बोलता बोलता वेळ काढतायत. मी टॉवेलची गुंडाळी केली आणि त्यांच्या पायाखाली सरकवली. "अंकल, इसको नीचे दबाइए, दस तक गिनिए." त्यांनी दाबलं आणि कळवळले.

"ऐसे नहीं, दीदी," मागून बारीक आवाज आला. रजनी पुढे आली आणि खाली बसली. तिने टॉवेल माझ्या हातातून घेतला, ठीक गुडघ्याच्या खोलगट भागाखाली बसवला, आणि एक हात वडिलांच्या मांडीवर ठेवला. "पापा, जोर यहाँ से. साँस मत रोको. एक, दो..." दहा झाल्यावर म्हणाली, "अब उठो."

ते उठले. भिंतीला हात न लावता उठले म्हणणार नाही, लावलाच. पण कण्हले नाहीत. आपलं आपणच दचकून त्यांनी पोरीकडे पाहिलं. "ये कहाँ सीखा?"

"दादी की हड्डी टूटी थी ना, अस्पताल में रोज देखती थी."

काकूंनी पेनाचं टोपण लावलं. "भाईसाब, कल को आप अस्पताल जाओगे तो किसी की तो बेटी घुटना पकड़ेगी. दूसरे की पकड़े तो ठीक, अपनी पकड़े तो मोहल्ला?" त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "सोमवार, ग्यारह बजे," काकू म्हणाल्या. "टी.सी. असली, फोटो चार. देर मत करना, नाम तीन बार ही पुकारते हैं."

"सोचेंगे," ते म्हणाले.

गल्लीच्या तोंडापर्यंत मी स्कूटी दामटली. मग स्कूटी उभी केली आणि ओरडलेच. "काकू! तुम्ही माझी सीट देऊन टाकलीत! ते नाही म्हणत होते! फक्त एक रेघ मारायची होती!"

"होय."

"आणि टॉवेल माझ्याकडून धरवलात!"

"तू चुकीचा धरलास," काकू म्हणाल्या. मला रडू यायला लागलं तसं त्यांनी मला उसाच्या रसाच्या गाडीशी नेलं, दोन ग्लास मागवले, आणि माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"मी रेल्वेची परीक्षा दिली तेव्हा आमच्या कोट्यात एकच जागा होती. मी दोन नंबरवर. एक नंबरवर एक मुलगी. साहेबांनी तिचं नाव पुकारलं, कोणी उठलं नाही. मी बसल्या बसल्या देवाला म्हणत होते, येऊ नको, येऊ नको. तीनदा पुकारलं. नाही आली ती. मागून कळलं, सासरच्यांनी पाठवलं नाही. मला खुर्ची मिळाली." त्यांनी ग्लास गाडीवर ठेवला. "तेहतीस वर्षं त्या नावाचा फॉर्म आला की मी मान वर करून बघायची. दोघींना तर विचारलं पण, आपने कभी रेलवे का इम्तिहान दिया था? लोकांना वाटायचं बाईचं डोकं फिरलं."

मी रस प्यायले. थोड्या वेळाने विचारलं, "आता माझा चान्स किती?"

काकूंनी फाइल उघडली, बंद केली. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी आमच्या दारावर थाप पडली. काकू वर आल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या कधी आमचा जिना चढल्या नव्हत्या. धापा टाकत, उभ्या उभ्याच त्यांनी बाबांना सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता, आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं नुकसान मी केलं. उद्या बी.कॉम.ला टी.सी. देऊन टाका. मी आता काही सांगायच्या लायक नाही."

बाबांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग बाबांचे खांदे हलायला लागले. "म्हणजे काकू, आमच्या पोरीची जागा घालवायला तुम्ही आमच्याच स्कूटीवरून गेलात?"

"पेट्रोलही तुमचंच," काकू खाली मान घालून म्हणाल्या.

आई आधी हसली, मग बाबा, मग मी, आणि शेवटी काकूंनाही राहवेना. हसता हसता त्यांना ठसका लागला, आईने पाणी दिलं, पाठ चोळली. मग बाबांनी मला विचारलं, "तू सांग. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, टी.सी. घरातच राहू दे.

सोमवारी पावणेअकराला आम्ही कॉलेजच्या ऑफिसात बसलो होतो, मी, बाबा आणि काकू. अॅप्रनवाला अॅप्रन घालूनच आला होता. पहिले चार नंबर पुकारून झाले, कोणी उठलं नाही. पाचवा पुकारायच्या आधीच तो टेबलाशी पोचला होता. मग बाबूने सहावं नाव घेतलं.

कोणी नाही.

मी खिडकीशी उभी होते. खरं सांगते, मी तेच म्हणत होते जे काकूंनी म्हटलं होतं. येऊ नको. बाबूने दुसऱ्यांदा पुकारलं. काकू पुतळ्यासारख्या बसून होत्या, डोळे दाराकडे. आणि तेवढ्यात मला खाली फाटक दिसलं. एक माणूस लंगडत आत येत होता आणि एक किडकिडीत मुलगी त्याच्या बाहीला धरून त्याला ओढत होती. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. ती त्याला सोडून धावली असती तर पोचली असती, पण ती सोडत नव्हती.

बाबूने श्वास घेतला. तिसऱ्यांदा.

"सर, रुकिए!" मी ओरडले. "आ रही है! नीचे है, आ रही है! पापा का घुटना खराब है!"

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. बाबू म्हणाला, "आप कौन?"

"मैं सातवीं," मी म्हटलं.

तो थांबला. चष्मा काढून पुसत बसला, गरजेपेक्षा जास्त वेळ. रजनी दारात आली ती धापा टाकतच; तिने नुसती टी.सी. पुढे धरली.

शेवटच्या पायऱ्यांवर वडिलांनीच तिला पुढे पिटाळलं होतं; ते मागून पोचले आणि बाकावर बसले. बाबू मला "सातवीं, आपका नहीं हुआ" म्हणाला ते त्यांनी ऐकलं. काकूंना विचारलं, "ये बच्ची इसके पीछे थी?"

"हाँ."

ते उठायला लागले. मी म्हटलं, अंकल, बसा. ते ऐकेनात. भिंतीचा आधार घेऊन ते उभे राहिले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा दुसरीकडे बघत होते. काकूंनी ओढणीने नाक पुसलं आणि बाबूला विचारलं की इथे पाणी प्यायची सोय कुठे आहे आणि नसल्यास का नाही.

माझं त्या वर्षी झालं नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या फेरीत एक जागा मिळाली, तिथे मी वर्षभर जमाखर्चाचे तास झोपून काढले आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा फॉर्म भरला. या वेळी मला वेटिंगही लागलं नाही. कॉलेजात पहिल्या दिवशी रजनी फाटकावर उभी होती. माझी सीनियर. तिने मला सांगाड्यासमोर उभं करून दोनशे सहा हाडं म्हणायला लावली आणि मी बावन्नाव्यावर अडकले, तेव्हा तिने कँटीनमध्ये कचोरी खायला घातली.

मी आता पुण्यात असते. रजनी कंपूच्या एका हॉस्पिटलात आहे. मागच्या महिन्यात ग्वाल्हेरला गेले होते, तर काकूंचा खांदा आखडला होता आणि त्या रजनीकडे रोज जात होत्या. मीही सोबत गेले. काकू टेबलावर बसल्या होत्या, हात वर करायचा होता आणि तो कानाच्या वर जात नव्हता.

"दस तक, आंटी," रजनी म्हणाली.

"एक, दो, तीन, सात, आठ..."

"आंटी! फिर से. एक से."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग रांगेत बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघ कशी पिळते मला! बापाला तर 'पापा, पापा' करत होती. आणि ही इथे आहे कोणामुळे? माझ्यामुळे. लिहून घ्यायला पाहिजे होतं त्या दिवशी त्या कूलरवाल्याकडून!"

"तीन के बाद चार, आंटी," रजनीने त्यांचा हात आणखी वर नेला.